वाजलं की सांग

२ सप्टेंबर १९८२, गुरुवार

शाळेतून आले तर अंगणात मोटार. माझी कपडे वाळत घालायची दोरी सोडून पेरूच्या झाडाला गुंडाळलेली आणि ओल्या साड्यांचा ढीग खाटेवर. विचारलं, हे कोणाचं काम? उत्तर नाही. हे मोटारीच्या तोंडात डोकं घालून उभे.

मोटार लाल आहे, बुटकी, दोनच माणसं मावतील अशी. विलायती ट्रायम्फ म्हणे, शर्यतीत पळवायची. नामपूरचा कांद्याचा व्यापारी आहे कारभारी म्हणून, त्याने ती देवळालीच्या कुणा लष्करी साहेबाकडून घेतली. इंजिनात तेल आहे की नाही हे न बघता महिनाभर उडवली आणि आज कांद्याच्या ट्रकला दोर बांधून आमच्या दारात आणून सोडली. मला म्हणतो, "बाई, ही गाडी नाही, वाघ शे वाघ. डिसेंबरात सापुताऱ्याच्या घाटात शर्यत शे, तिथं नेनार."

वाघाला दोर बांधून आणलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

ह्यांनी इंजिन चालू करायला लावलं आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला टेकवून दुसरं दातात धरलं. बाकीचे मेकॅनिक कानाला लावतात. का विचारलं तर म्हणाले, दाताला जास्त कळतं. मला मात्र ओट्यापाशी उभं राहून कळत होतं. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की नुसता घुमे, पाय सोडला की खालून टकटक टकटक, कुणीतरी आत कोंडल्यासारखी.

"कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं गेली," हे म्हणाले. कारभारी काही विचारत होता ते त्याला तीन-तीनदा बोलायला लावलं. बागलाणातल्या लोकांचं बोलणं समजत नाही, असं नंतर मला म्हणाले. मला तर सगळं समजलं.

मागच्या दिवाळीत सातपूरच्या कारखान्यातली, पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमधली नोकरी सोडली, सुपरवायझरशी पटत नाही म्हणून. तेव्हापासून अंगणात पत्र्याची शेड टाकून हे गॅरेज. आतापर्यंत स्कूटर आणि टेम्पोच. हे पहिलं मोठं काम. काम आलं ह्याचा आनंद मला आहे. पण साड्या?

७ सप्टेंबर, मंगळवार

इंजिनाची खालची पेटी सोडवली आणि काळं तेल माझ्या कणकेच्या परातीत काढलं. भांडले. "वेगळी परात आणू" म्हणाले. म्हणजे मोटारीला वेगळी नव्हे, मला वेगळी.

जेवताना बेअरिंगं ताटाशेजारी मांडून बसले. मला वाटलं होतं गोळ्यांची चाकं असतील. तसं काही नाही. बांगडी मधोमध कापावी तशा दोन पातळ वाट्या. पिस्टनचा दांडा ज्या दंडाला धरून गरगरतो, त्याच्या दोन्ही अंगांनी त्या बसतात आणि मध्ये तेलाचा केसाएवढा थर राहतो. तेल संपलं तर वरचा मऊ धातू खरवडून जातो. ह्या वाट्यांवर तांबं उघडं पडलंय आणि एक तर जळून काळी झालीय. दंडालाही चरे आहेत. त्यामुळे अख्खं इंजिन बाहेर काढून दंड घासून घ्यावा लागणार, आणि जेवढा घासला तेवढ्या जाड वाट्या घालाव्या लागणार. दहा थाऊ, म्हणाले. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दहा.

हे सगळं इतकं छान समजावून सांगितलं की माझा राग गेला. मग मी म्हटलं, "भाजी वाढू का?" तर म्हणतात, "हो, मुंबईलाच मिळतील." परत आला.

१९ सप्टेंबर, रविवार

दंड इथल्याच द्वारक्याच्या वर्कशॉपमधून दहा थाऊ घासून आला. आणि मुंबईहून बेअरिंगं आली ती वीस थाऊची.

शेजारच्या सुलाबाईंच्या घरून ह्यांनीच त्या दुकानदाराला फोन केला होता. सुलाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे फोनमध्ये तो माणूस एवढ्या मोठ्याने ओरडत होता की त्यांना स्वयंपाकघरात ऐकू गेलं. "दहाची नाहीत, वीसची आहेत, चालतील का?" आणि ह्यांनी "हो हो, पाठवा" म्हटलं. मी ह्यांना विचारलं तर म्हणाले, लाइन खराब होती. दुकानदार चोर आहे.

आता दंड परत घासायला गेलाय. बेअरिंग दंडाला बसत नाही तर दंड बेअरिंगला बसवायचा. चप्पल लहान आली तर पाय तासावा, तसं.

सुलाबाई जाता जाता रेडिओबद्दलही बोलल्या. "बाई, बातम्या आम्हाला आमच्याच रेडिओवर ऐकू द्या." मला शरमल्यासारखं झालं. घरी येऊन रेडिओ बारीक केला, ह्यांनी परत मोठा केला. मी बारीक, हे मोठा. शेवटी मी बंदच केला तर म्हणाले, "सेल गेले वाटतं."

१४ ऑक्टोबर, गुरुवार

विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम. मी पांढरी साडी नेसून बायकांत, हे अगदी पहिल्या रांगेत वक्त्यासमोर. एरवी मागे खांबाला टेकून बसणारा माणूस. वक्ते शांतपणे त्रिशरणाचा अर्थ सांगत होते, सगळीकडे गंभीर शांतता, आणि हे शेजारच्याला विचारतात, "काय म्हणाले?" ते ह्यांना हळू वाटलं असेल. अख्ख्या मंडपाने वळून पाहिलं.

येताना रस्ताभर मी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

२४ ऑक्टोबर, रविवार

आज बेअरिंगं बसवली. मला शेडमध्ये बसवून घेतलं, कारण हात तेलकट असताना फडकी द्यायला कुणीतरी हवं. पेपर तपासायचे बाजूला राहिले.

काम मात्र बघत राहावंसं होतं. वाटी पुसायची, बोटाने तेल लावायचं, दांड्याची टोपी ज्या दांड्याची त्यालाच आणि नंबराशी नंबर जुळवून लावायची. मग बोल्ट. माझा भाऊ यादव दुबईला असतो, त्याने ह्यांना एक खास पाना आणून दिलाय. त्यावर आकडा लावून ठेवायचा. बोल्ट तेवढा आवळला की पाना आपोआप 'कट्ट' वाजतो आणि हात थांबवायचा. जास्त आवळला तर बोल्ट ताणला जातो आणि मग धरत नाही, कमी आवळला तर सैल पडतो. इतकं सोपं करून ठेवलंय. पण आमचे हे! कट्ट वाजलं, तरी ओढताहेत. परत कट्ट, तरी ओढताहेत. मी म्हटलं, "वाजलं की." तर पुढच्या बोल्टलाही तेच. माझं म्हणणं कधी ऐकलंय ते आज ऐकतील! मेकॅनिक ते, मी मराठी दुसरीची बाई.

२ नोव्हेंबर, मंगळवार

इंजिन चढवलं, चालू केलं. टकटक नाही. तेलाचा काटा चांगला वर. हे आधी काट्याकडे बघत राहिले, मग हात इंजिनाच्या झाकणावर ठेवून डोळे मिटून उभे राहिले, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. कारभारीने पेढे आणले होते. "जयरामभाऊ, तुमच्या हातात जादू शे!" म्हणाला आणि धुरळा उडवत नामपूरला गेला.

दोरी परत बांधली. साड्या उन्हात.

९ नोव्हेंबर, मंगळवार

दोरी परत सोडली.

वाघ परत ट्रकला बांधून आला. सटाण्याच्या पुढे टकटक सुरू झाली. कारभारीचा पारा चढलेला. "भाऊ, शर्यत तोंडावर आली शे, अन् हे काय!" हे म्हणाले, तेल कमी घातलं असशील. तो म्हणाला, काठोकाठ शे, बघा. बघितलं, होतं.

खोललं तर टोपीचे दोन बोल्ट सैल, आणि एकाची कंबर ओढून बारीक झालेली, चिक्कीचा पाक ताणावा तशी. हे म्हणाले, बोल्ट डुप्लिकेट. दुकानदार चोर आहेच. थोडे जास्तीचे बोल्ट मागवतो आणि बेअरिंगंही परत.

मी फक्त एवढंच म्हटलं, त्या दिवशी तुम्ही फार आवळत होता. "काय?" म्हणाले. "आवळत होता." "काय?" मी ओरडले. "ओरडतेस कशाला?" म्हणाले. "तू हळू बोलतेस आणि मग एकदम ओरडतेस. मधलं काही येतच नाही तुला."

बावीस पोरांच्या वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. ह्या घरात ओट्यापासून शेडपर्यंत जात नाही. शाळेला सुट्टी लागलीय तर माहेरी जावं का, ह्या विचारात आहे.

२१ नोव्हेंबर, रविवार

नीट लिहिता येईल का बघते.

सकाळी ह्यांनी परत बेअरिंगं बसवायला घेतली. मी शेडच्या दारात तांदूळ निवडत बसले होते. पहिला बोल्ट. कट्ट. ओढताहेत. परत कट्ट. "अहो, वाजलं." बघितलंही नाही. परत ओढणार तेवढ्यात माझं डोकंच फिरलं. सूप टाकलं, तांदूळ सांडले, आणि जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"वाजलं म्हणते ना!"

"काय वाजलं?"

हे त्यांनी इतकं सरळ विचारलं. चेहऱ्यावर राग नाही, टाळाटाळ नाही.

वर्गात दरवर्षी एखादं पोर असं येतं. फळ्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघतं, विचारलं एक तर सांगतं दुसरं, आणि बाकीच्या शिक्षिका त्याला मठ्ठ म्हणतात. मी आधी त्याच्या मागे जाऊन उभी राहते, हळूच नाव घेते. पोरांच्या बाबतीत मला हे दोन दिवसांत कळतं.

मी ह्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. रोजच्या आवाजात म्हटलं, "मी कायमची माहेरी निघाले." ते फडक्याने बोल्ट पुसत होते. म्हटलं, "स्वयंपाकघरात आग लागलीय." त्यांनी बोल्ट उजेडात धरून बघितला.

मग मी म्हटलं, "जयराम."

लग्न झाल्यापासून हे नाव मी तोंडाने घेतलेलं नाही. उखाण्यातसुद्धा गडबडीत पुटपुटले होते. आज स्पष्ट, हाक मारावी तसं घेतलं.

वळले नाहीत.

२२ नोव्हेंबर, सोमवार

खरं तर मला रडू यायला हवं होतं. राग आला. वर्षभर मी हळू बोलते, सुलाबाई कटकट्या, दुकानदार चोर, बागलाणचे लोक अडाणी. सगळ्या जगाला दोष दिला, पण एक वाक्य सांगितलं नाही.

समोर बसवलं, माझ्या तोंडाकडे बघायला लावलं आणि विचारलं, "कधीपासून?"

नखातलं तेल काढायला लागले. मग म्हणाले, "प्रेस शॉपमध्ये क्रेन हलली की घंटा वाजते. मला ऐकू आली नाही. शेजारच्या मशीनवरच्या कोंडाजीने मला ओढलं नसतं तर आज ही शेड नसती. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला."

"आणि सुपरवायझर?"

"तो चांगला माणूस होता."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय? बहिऱ्या मेकॅनिककडे गाडी कोण देतं? इंजिन ऐकून तर दुरुस्त करायचं असतं." मग म्हणाले, "मोठं कळतं गं. बारीक आवाज येत नाहीत. तुझे सगळे बारीक आहेत."

माझे बारीक! बरं.

कालचा ताणलेला बोल्ट फेकला, जास्तीचा घातला. ठरलं असं की पाना वाजला की मी खांद्यावर थाप मारायची. मी पायरीवर उभी, हे पाना ओढताहेत, कट्ट, थाप. कट्ट, थाप. "हळू मार की," म्हणाले. "वर्षभराचं साठलंय," मी म्हटलं. हे त्यांना बरोबर ऐकू आलं.

२८ नोव्हेंबर, रविवार

गाडी तयार. चालू केली, मी कान लावून ऐकलं. पाय दाबला, सोडला, परत दाबला. टकटक नाही. मी मान हलवली. तरी ह्यांनी दातात स्क्रू ड्रायव्हर धरलाच.

मी म्हटलं, कारभारीला सांगायचं. हे म्हणाले, काही गरज नाही. सकाळपासून ह्यावरून जुंपली. "घाटात दांडा सुटला तर इंजिन फोडून बाहेर येईल, असं तुम्हीच म्हणाला होतात. आत माणूस बसणार आहे. त्याला ठरवू दे." हे म्हणाले, "सांगितलं की गॅरेज संपलं." मी म्हटलं, "संपू दे. माझा पगार आहे." हे बोलायला नको होतं. पण बोलून गेले.

कारभारी आल्यावर ह्यांनी स्वतःच सांगितलं. त्याच्याकडे न बघता, गाडीचा दिवा पुसत पुसत. "मला कमी ऐकू येतं. मागच्या वेळचे बोल्ट माझ्या हातून बिघडले होते. आता बाईंनी ऐकून बसवलेत."

कारभारीने गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "आधी सांगता येत नव्हतं का भाऊ? मी घाटात जाणार होतो. माले दोन पोरी शेत." आणि गाडी घेऊन गेला. धुरळासुद्धा उडवला नाही, सावकाश गेला.

ह्यांनी शेडचं दार ओढून घेतलं.

५ डिसेंबर, रविवार

आठवडाभर शेड बंद. टेम्पोवाला बयाजी येऊन गेला, त्याला परत पाठवलं. मी शंभरदा सांगितलं, ते तोंडाकडे बघतात आणि मान हलवतात. आता ऐकू न येण्याचा बहाणा करतात की खरंच येत नाही, हे मला कळेनासं झालंय. हा नवाच ताप.

दुपारी कारभारी मोटरसायकलवर आला. हे खाटेवरून उठले नाहीत. तो समोर येऊन उकिडवा बसला, तोंडाकडे तोंड करून, आणि लिलावात बोलावं तसा ओरडून बोलला. गाडी त्याने मुंबई नाक्याच्या एका नावाजलेल्या मेकॅनिकला दाखवली. त्याने पेटी उतरवून बोल्ट तपासले आणि म्हणाला, असं काम मी केलं नसतं, पण केलंय ते चोख आहे.

"असं म्हणजे कसं?" ह्यांनी लगेच विचारलं. चिडले. मला बरं वाटलं.

"ते ऱ्हाऊ द्या. पुढच्या रविवारी तुम्ही दोघं घाटात या. बाई, तुम्ही मोठ्या वळणावर उभं ऱ्हायाचं. तिथं मी पाय सोडनार. आवाज आला तर हात वर करा, मी तिथंच गाडी थांबवीन. पुढं पाच वळनं शेत, तिथं बाईही नाही अन् कठडाही नाही."

मी म्हटलं, मला हे जमणार नाही. मी शिक्षिका आहे. कोणीच ऐकलं नाही.

१२ डिसेंबर, रविवार

सापुताऱ्याहून आत्ताच आलो. एसटीत उभं राहून पाय भरून आलेत, पण लिहिते.

वळणावर दगडांवर गर्दी होती. खालून एकेक मोटार येत होती, काही नुसत्या फटाक्यांसारख्या तडतडत. हे माझ्या शेजारी, टोपी हातात चुरगळत. दर मोटारीला विचारत होते, "आपली आली का?" "नाही." "आता?" "नाही हो!" लोक बघत होते. मी चुकले तर? हात वर केला आणि आवाज दुसराच कसला असला तर? केला नाही आणि टकटक असली तर?

मग खालून, झाडांच्या पलीकडून, तो आवाज आला. तीन महिने अंगणात ऐकलाय, शंभरात ओळखेन.

"आली," म्हटलं.

"कसा येतोय?"

"चांगला."

"चांगला म्हणजे कसा? नीट सांग. भरीव आहे का? तुटतोय का मध्ये?"

"गुरगुरतेय."

"गुरगुर कुत्र्याची. इंजिन कसं येतंय ते सांग!"

आता ह्याला शब्द कुठून आणू? व्याकरण शिकवते मी. गाडी वर येत होती, वेळ नव्हता. मी त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी माझ्याकडे वळवला आणि तोंडाने काढून दाखवला. "घुर्रर्र... घुंऽऽ घुंऽऽ..." वर चढवत नेला. आजूबाजूला हसू फुटलं. सुरगाण्याकडची काही बाया-माणसं दगडावर बसली होती, त्यातली एक म्हातारी तर माझ्याबरोबर आवाज काढायला लागली.

लाल मोटार वळणावर आली आणि कारभारीने पाय सोडला.

मी थांबले. सगळं अंग कान करून थांबले. घुमारा एकदम उतरला, सायलेन्सरमध्ये दोन बार फुटले, चाकांखाली खडी करकरली. बस. त्याच्या खाली काही नाही. आतून कोणी दार ठोठावत नव्हतं. माझा हात खालीच राहिला. कारभारीने माझ्याकडे बघितलं, पाय दाबला आणि गेला.

हे गाडीकडे बघतच नव्हते. गाडी आली, गेली, ह्यांनी पाहिलीच नाही. माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आता?" म्हणाले.

मी परत काढून दाखवला. पाय सोडलेला. मग परत दाबलेला. वर जात जात लांब गेलेला. अगदी बारीक होईपर्यंत.

"हं," म्हणाले. "बरोबर आहे." आणि चुरगळलेली टोपी डोक्यावर घातली.

कारभारी कितवा आला ते कळलं, शेवटून तिसरा. दर वळणाला घाबरून ब्रेक मारत गेला. पण पोहोचला.

१३ डिसेंबर, सोमवार

घसा साफ बसलाय. वर्गात आवाजच फुटेना. मुलांना विचारावंसं वाटतच होतं, एकाने विचारलं, "बाई, तुम्हाला काय झालं?" आता ह्याला काय सांगू? पाढे लिहा म्हणून सांगितलं, तेही फळ्यावर लिहून.

घरी आले तर शेड उघडी. बयाजीचा टेम्पो आत, माझी दोरी परत पेरूवर. शनिवारी कानाच्या डॉक्टरकडे यायला तयार झालेत, पण एक अट घातलीय, मशीन मिळालं तर ते कामावर घालणार नाही, तेल लागतं. मी काही म्हणू शकले नाही. घसा.

चहा घेऊन गेले तर टेम्पोखालून डोकं बाहेर काढून म्हणाले, "थांब. चालू करतो. कसा येतोय सांग."

घशाकडे बोट दाखवलं.

"मग खुणेने सांग," म्हणाले आणि चावी फिरवली.